सोयाबीन, तूर आणि हरभरा ही तिन्ही पिकं घेणारे शेतकरी: एसक्यूएलमध्ये अट कशी लावायची?

बांधावरचा_डेटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. डेटाबेस पोस्टग्रेस १५ (त्याला एसक्यूएल भाषेत प्रश्न विचारतात, तोच प्रश्न म्हणजे क्वेरी). टेबलं दोन:

शेतकरी (शेतकरी_क्र, नाव, गाव)
पेरणी (शेतकरी_क्र, गट_क्र, वर्ष, हंगाम, पीक, क्षेत्र)

एका गटातल्या (जमिनीच्या तुकड्यातल्या) एका पिकाची एक ओळ. वर्ष मजकूर म्हणून ठेवलंय, '२०२३-२४' असं, कारण हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरला की फेब्रुवारी-मार्चात निघतो, एका कॅलेंडर वर्षात बसत नाही. नमुना (हंगाम आणि क्षेत्र गाळून):

१०१, गट १४, २०२३-२४, सोयाबीन
१०१, गट १४, २०२३-२४, तूर
१०१, गट १४, २०२३-२४, हरभरा
१०२, गट २२, २०२३-२४, सोयाबीन
१०२, गट २३, २०२३-२४, सोयाबीन
१०२, गट २२, २०२३-२४, तूर
१०३, गट ३१, २०२३-२४, सोयाबीन
१०३, गट ३१, २०२३-२४, तूर
१०३, गट ३२, २०२३-२४, हरभरा
१०३, गट ३३, २०२३-२४, कापूस
१०४, गट ४०, २०२३-२४, सोयाबीन
१०४, गट ४०, २०२३-२४, हरभरा
१०५, गट ५१, २०२१-२२, तूर

२०२३-२४ मध्ये तिन्ही पिकं घेतलेले शेतकरी हवेत, म्हणजे १०१ आणि १०३. पहिला प्रयत्न:

सिलेक्ट शेतकरी_क्र फ्रॉम पेरणी
व्हेअर वर्ष = '२०२३-२४'
अँड पीक = 'सोयाबीन' अँड पीक = 'तूर' अँड पीक = 'हरभरा';

एकही ओळ नाही. शेवटच्या ओळीत पिकांमधले दोन 'अँड' काढून 'ऑर' टाकले तर १२ ओळी आल्या, १०५ सुद्धा आला. तो का आला तेच कळेना.

(कीवर्ड आणि अंक वाचायला सोपे म्हणून देवनागरीत लिहिलेत, चालवताना रोमन समजून घ्या.)

---

कंसात_बोला

शून्य ओळी येणं बरोबरच आहे. 'व्हेअर' एका वेळी एकच ओळ बघतं. त्या ओळीच्या 'पीक' रकान्यात एकच शब्द आहे. तो एकाच वेळी सोयाबीनही आणि तूरही कसा असेल? तुमचा प्रश्न ओळीबद्दल नाहीच, शेतकऱ्याच्या सगळ्या ओळींच्या गठ्ठ्याबद्दल आहे. गठ्ठा म्हटलं की 'ग्रुप बाय', आणि गठ्ठ्यावरची अट 'हॅविंग'मध्ये.

आता १०५ का आला ते. 'अँड' हे 'ऑर'पेक्षा आधी बांधलं जातं. तुमची अट पोस्टग्रेसनं अशी वाचली: (वर्ष २०२३-२४ आणि सोयाबीन) किंवा (तूर, कुठल्याही वर्षाची) किंवा (हरभरा, कुठल्याही वर्षाचा). कंस घातले असते तर ११ ओळी आल्या असत्या. बारावी ती १०५ची जुनी तूर. 'इन' वापरलं की हा घोळ होतच नाही:

सिलेक्ट शेतकरी_क्र
फ्रॉम पेरणी
व्हेअर वर्ष = '२०२३-२४'
अँड पीक इन ('सोयाबीन', 'तूर', 'हरभरा')
ग्रुप बाय शेतकरी_क्र
हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट पीक) = ३;

'इन' म्हणजे आखूड लिहिलेला 'ऑर', त्यात जादू काही नाही. तो फक्त नको ती पिकं गाळतो. 'तिन्ही' हा शब्द सांभाळतो तो 'हॅविंग'.

'डिस्टिंक्ट' काढून नुसतं काउंट(*) = ३ लिहून बघा. १०२ पण येईल, कारण त्याचं सोयाबीन दोन गटांत आहे, वर तूर, झाले तीन. हरभऱ्याचा पत्ता नाही. चाचणीच्या डेटात असे दोन गटवाले नसले की ही चूक दिसत नाही, खऱ्या डेटात बाहेर पडते.

आणखी एक सापळा. यादी ओळीखाली ओळ लिहिताना स्वल्पविराम राहिला तर:

'सोयाबीन'
'तूर',
'हरभरा'

यावर एरर येत नाही. दोन अवतरणांमध्ये फक्त नवी ओळ असेल तर एसक्यूएल ते जोडून 'सोयाबीनतूर' असं एकच मूल्य करतं. मग गठ्ठ्यात कधीच तीन भरत नाहीत आणि तुम्ही 'हॅविंग'ला दोष देत बसता.

देवनागरी अंकांबद्दल: अवतरणातलं '२०२३-२४' चालेल, पण उघडं ३ देवनागरीत राहिलं तर पोस्टग्रेस त्याला अंक नाही, कॉलमचं नाव समजेल आणि असा कॉलम नाही म्हणून ओरडेल.

---

एक_पाऊल_मागे

वरचं उत्तर बरोबर आहे, पण 'तिन्ही पिकं घेणारे' याचे चार अर्थ निघतात. मागणाऱ्याला नेमका कुठला हवाय ते आधी विचारून घ्या, क्वेरी नंतर.

तिन्हीपैकी काहीही: 'हॅविंग' नको, सिलेक्ट डिस्टिंक्ट पुरे. तिन्हीपैकी निदान दोन: >= २.

तिन्ही, बाकी काही असलं तरी चालेल: वरची क्वेरी. १०१ आणि १०३.

तिन्हीच, चौथं काही नको: मग १०३ बाद, त्याचा कापूस आहे. इथे बरेच जण फसतात. पिकाची अट 'व्हेअर'मध्ये ठेवली तर कापसाची ओळ मोजणीच्या आधीच गळते आणि १०३ शुद्ध दिसतो. म्हणून ती अट मोजणीत न्यायची:

सिलेक्ट शेतकरी_क्र
फ्रॉम पेरणी
व्हेअर वर्ष = '२०२३-२४'
ग्रुप बाय शेतकरी_क्र
हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट पीक) = ३
अँड काउंट(डिस्टिंक्ट पीक) फिल्टर (व्हेअर पीक इन ('सोयाबीन', 'तूर', 'हरभरा')) = ३;

मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'फिल्टर' नाही, तिथे काउंट(डिस्टिंक्ट केस व्हेन पीक इन (...) देन पीक एंड) लिहा.

आणि चौथा अर्थ: तिन्ही पिकं एकाच गटात. सोयाबीन-तूर आंतरपीक आणि सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या पट्ट्यात हरभरा, असा अभ्यास असेल तर हाच अर्थ लागतो. ग्रुप बाय शेतकरी_क्र, गट_क्र करा. १०१ राहील, १०३ जाईल, त्याचा हरभरा दुसऱ्या गटात आहे. क्वेरीत बदल दोन शब्दांचा, पण अहवालाचा अर्थच बदलतो.

'तिन्ही आहेत पण कापूस नाही' असं हवं असेल तर पोस्टग्रेसमध्ये हे मला सगळ्यात वाचनीय वाटतं:

हॅविंग बूल_ऑर(पीक = 'सोयाबीन')
अँड बूल_ऑर(पीक = 'तूर')
अँड बूल_ऑर(पीक = 'हरभरा')
अँड नॉट बूल_ऑर(पीक = 'कापूस')

इथे डिस्टिंक्टची गरज नाही, आकडा जुळवायचा नाही, यादीत भर घातली आणि ३ चं ४ करायला विसरलो असंही होत नाही. कापूस टाळायला व्हेअर पीक <> 'कापूस' लिहू नका. त्यानं कापसाची ओळ लपते, कापूसवाला शेतकरी तसाच राहतो.

---

इंडेक्सवाला

ओळी लाखांत असतील तर 'एक्झिस्ट्स'चा पर्याय ठेवा हाताशी:

सिलेक्ट श.शेतकरी_क्र, श.नाव, श.गाव
फ्रॉम शेतकरी श
व्हेअर एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम पेरणी प व्हेअर प.शेतकरी_क्र = श.शेतकरी_क्र अँड प.वर्ष = '२०२३-२४' अँड प.पीक = 'सोयाबीन')
अँड एक्झिस्ट्स (... प.पीक = 'तूर')
अँड एक्झिस्ट्स (... प.पीक = 'हरभरा');

दोन-तीन मूल्यांपर्यंत ठीक, दहा झाली की वाचवत नाही. फायदा असा की नाव आणि गाव थेट मिळतं, ओळी दुणावत नाहीत. एखादं पीक दुर्मिळ असेल तर त्याच्यापासून सुरुवात करून प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) बरंच काम वाचवू शकतो.

इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) एकच पुरे: (वर्ष, पीक, शेतकरी_क्र), याच क्रमाने. 'इन' वाल्या क्वेरीला वर्ष आणि पीक आधी लागतात, शेतकरी_क्र इंडेक्समध्येच मिळतो म्हणून मूळ टेबलाकडे फारसं जावं लागत नाही. 'एक्झिस्ट्स'ला तिन्ही रकाने बरोबरीनेच तपासायचे असतात, त्यामुळे क्रम कोणताही चालतो. (शेतकरी_क्र, वर्ष, पीक) असा दुसरा इंडेक्स बनवलेला दिसतो पुष्कळ ठिकाणी, पण या दोन क्वेरींसाठी तरी तो नुसता जागा खातो.

पोस्टग्रेस १५ वर काउंट(डिस्टिंक्ट) दर गठ्ठ्याला सॉर्ट करतं. एक्स्प्लेन ॲनालाइझमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) सॉर्ट डिस्कवर सांडताना दिसला तर आत सिलेक्ट डिस्टिंक्ट शेतकरी_क्र, पीक करा आणि बाहेर साधं काउंट(*) = ३. मग हॅश वापरता येतो.

'नॉट इन' आणि सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) ही जोडी मात्र टाळा. सबक्वेरीत एक जरी नल (न भरलेलं मूल्य) आला तरी सगळा निकाल रिकामा येतो, कारण '१०१ हा नल नाही ना?' याचं उत्तर 'माहीत नाही' असं असतं आणि 'व्हेअर' फक्त 'होय' पुढे सोडतं. नॉट एक्झिस्ट्स लिहा.

---

बांधावरचा_डेटा

मंडळी, आभार. 'निदान तिन्ही' हाच अर्थ हवा होता, विचारून घेतलं. आता दोन अडचणी.

एक: पिकांची यादी स्क्रीनवरून येणार, कधी दोन, कधी सात. पायथनमधून पीक इन (%एस) लिहून 'सोयाबीन,तूर,हरभरा' अशी स्ट्रिंग दिली तर शून्य ओळी.

दोन: एका गावाची यादी कागदावर तपासलेली आहे. तिथे ९ शेतकरी हवेत, क्वेरी ७ देते.

---

कंसात_बोला

पहिलीचं सांगतो. %एस सारख्या एका खुणेत एकच मूल्य जातं. तुम्ही डेटाबेसला 'सोयाबीन,तूर,हरभरा' या एकाच नावाचं पीक शोधायला सांगितलंत. स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवायचा मोह आवरा, स्क्रीनवरून आलेला मजकूर थेट क्वेरीत गेला की इंजेक्शनला (मजकुरातून कुणी आपलीच आज्ञा घुसवण्याला) दार उघडं.

पोस्टग्रेसमध्ये ॲरे (मूल्यांची यादी) द्या, कार्डिनॅलिटी त्यातली मूल्यं मोजतं:

व्हेअर वर्ष = $१ अँड पीक = एनी($२)
ग्रुप बाय शेतकरी_क्र
हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट पीक) = कार्डिनॅलिटी($२)

सायकोपीजी (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) वापरत असाल तर खुणा %एस अशाच राहतील आणि पायथनची लिस्ट दिली की तिचा ॲरे होतो. टपल देऊ नका. क्वेरी एकच राहते, यादी दोनची असो की सातची.

देण्याआधी लिस्टमधली पुनरुक्ती काढा. सोयाबीन दोनदा आलं तर कार्डिनॅलिटी ४ होते, डिस्टिंक्ट ३ च्या वर जात नाही, निकाल शून्य. रिकामी लिस्ट आली तर ही क्वेरी कुणालाच देत नाही. हेच काम दुहेरी 'नॉट एक्झिस्ट्स'नं केलंत (असं एकही मागितलेलं पीक नाही, जे या शेतकऱ्यानं घेतलेलं नाही), तर रिकाम्या यादीला ते सगळे शेतकरी देतं. तर्काच्या भाषेत ते अचूक आहे, पण स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला नाही पटत. रिकामी यादी आधीच अडवा.

दुसऱ्या डेटाबेसवर जायची वेळ आली तर: एसक्यूएल सर्व्हर एका क्वेरीत २१०० पॅरामीटरच्या आत राहायला सांगतो, ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्या 'इन'च्या यादीत १००० च्या वर एरर देतात. यादी शेकड्यांत गेली की ती तात्पुरत्या टेबलात भरून जॉइन करणं बरं. आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरी शब्दाच्या अवतरणाआधी एन लावायला विसरू नका, नाहीतर सहसा त्याची प्रश्नचिन्हं होतात आणि काहीच जुळत नाही.

---

एक_पाऊल_मागे

दोन शेतकरी गळाले म्हणजे क्वेरी नव्हे, डेटा बघा. हे चालवा:

सिलेक्ट पीक, लेंग्थ(पीक), ऑक्टेट_लेंग्थ(पीक), काउंट(*)
फ्रॉम पेरणी
ग्रुप बाय पीक
ऑर्डर बाय पीक;

यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. 'तूर' म्हणजे त, दीर्घ उकार, र: लांबी ३, बाइट ९. 'हरभरा' ५ आणि १५, 'सोयाबीन' ७ आणि २१. एखादं 'तूर' ४ आणि १० दाखवत असेल तर मागे रिकामी जागा चिकटलीय. एक्सेलमधून आलेल्या यादीत हे हमखास असतं. पोस्टग्रेसच्या टेक्स्ट प्रकाराला ती जागा दिसते, 'तूर' आणि 'तूर ' त्याला वेगळे. बाइट ३ नं वाढलेत आणि डोळ्याला काहीच दिसत नाही, तर आत झिरो विड्थ जॉइनर किंवा नॉन जॉइनर (अक्षरं जोडणारं किंवा तोडणारं अदृश्य चिन्ह) लपलाय.

---

बांधावरचा_डेटा

चालवलं. 'तूर' ३/९ बरोबर 'तुर' ३/९ पण आहे, आणि एक 'तूर' ४/१०. 'हरभरा'च्या जोडीला 'हरबरा' ५/१५. गळालेले दोघे यातलेच निघाले: एकाची 'तुर', एकाचा 'हरबरा'. क्वेरीतच लोअर, ट्रिम वगैरे लावू का?

---

एक_पाऊल_मागे

लोअर देवनागरीला काही करत नाही, आपल्याकडे लहान-मोठी अक्षरं नाहीत. ट्रिम कॉलमवर लावलात तर साधा इंडेक्स कामाला येणार नाही, आणि 'तुर'चं 'तूर' ट्रिमनं होणार नाहीच. डेटाच एकदा साफ करा.

पीक_नकाशा (लिहिलेलं, खरं) असं छोटं टेबल करा. वरच्या क्वेरीतून आलेले सगळे वेगळे शब्द त्यात भरा आणि समोर खरं रूप हातानं लिहा. 'तुर' समोर 'तूर', 'हरबरा' समोर 'हरभरा'. हे यंत्रावर सोपवू नका. शब्द जवळचे दिसतात म्हणून जोडायला गेलात तर 'मूग' आणि 'मका' पण एक व्हायचे. मग:

बिगिन;
अपडेट पेरणी सेट पीक = न.खरं फ्रॉम पीक_नकाशा न
व्हेअर पेरणी.पीक = न.लिहिलेलं अँड न.लिहिलेलं <> न.खरं;

किती ओळी बदलल्या तो आकडा आधीच्या काउंटशी ताडा, जुळला तर कमिट, नाहीतर रोलबॅक.

नंतर 'पीक' नावाचं मास्टर टेबल करून पेरणीत पीक_क्र ठेवा, फॉरेन की लावा (म्हणजे मास्टरमध्ये नसलेलं पीक भरताच येत नाही). टंकणाऱ्याला यादीतून निवडूच दे. शिवाय (शेतकरी_क्र, गट_क्र, वर्ष, हंगाम, पीक_क्र) वर युनिक, म्हणजे दुबार ओळ नको असं बंधन. तो लावताना आधीच्या दुबार ओळी आडव्या येतील. 'तुर'चं 'तूर' झाल्यावर काही नव्यानेही दुबार झालेल्या असतील. क्षेत्र वेगळं असेल तर कुठली खरी ते कागद बघूनच ठरवा.

---

यफला_यफला

गावाच्या नावावरही 'इन' लावणार असाल तर ही एक गंमत बघून ठेवा. 'कऱ्हाड' तीन तऱ्हांनी टंकलं जातं आणि तिन्ही पडद्यावर सारखंच दिसतं:

पहिली, ऱ हे एकच चिन्ह: लांबी ६, बाइट १८.
दुसरी, साधा र आणि खाली नुक्ता: ७ आणि २१.
तिसरी, र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर: हेही ७ आणि २१.

पोस्टग्रेसच्या नेहमीच्या कोलेशनला (मजकूर ताडून बघायच्या नियमांना) ही तीन वेगळी गावं. दुसरीला नॉर्मलाइझ(गाव, एनएफसी) पहिलीत आणतं (एनएफसी म्हणजे युनिकोडचं ठरलेलं जोडलेलं रूप), हे फंक्शन आवृत्ती १३ पासून आहे. तिसरीला ते हात लावत नाही. आणि तिथला जॉइनर नुसता काढून टाकलात तर रफार तयार होऊन 'कर्हाड' उरतं. म्हणून जोडी बदलायची:

रिप्लेस(गाव, 'र्' || सीएचआर(८२०५), 'ऱ्')

८२०५ हा जॉइनरचा क्रमांक. आधी हे, मग नॉर्मलाइझ.

तसंच वर्षाचं. कुणी '२०२३-२४' मराठी अंकांत भरलं, कुणी इंग्रजी अंकांत, तर मजकूर म्हणून ती दोन वर्षं वेगळी. बाइट मोजून लगेच कळतं: मराठी अंकांचं १९ भरतं, इंग्रजीचं ७. ट्रान्सलेट फंक्शननं दहाही अंक एका फटक्यात बदलता येतात.

---

बांधावरचा_डेटा

नकाशा टेबल झालं, ९ पैकी ९ आले. वर्षात १९ आणि ७ दोन्ही निघाले, ते आज बदलतोय. शेवटचं एक: 'खरीप मूग आणि रब्बी ज्वारी' अशी जोडी मागितली तर? पीक इन ('मूग', 'ज्वारी') अँड हंगाम इन ('खरीप', 'रब्बी') लिहिलं तर खरीप ज्वारीवालेही येतायत.

---

इंडेक्सवाला

येणारच, दोन 'इन' एकमेकांना ओळखत नाहीत. चारही जोड्या पास होतात. जोडीच लिहा:

व्हेअर (पीक, हंगाम) इन (('मूग', 'खरीप'), ('ज्वारी', 'रब्बी'))
ग्रुप बाय शेतकरी_क्र
हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट (पीक, हंगाम)) = २

आतला जादा कंस पोस्टग्रेसला लागतो, मायएसक्यूएलमध्ये काउंट(डिस्टिंक्ट पीक, हंगाम) असं लिहितात. एसक्यूएल सर्व्हरला जोडीचं 'इन' कळत नाही, तिथे जोड्या टेबलात घालून जॉइन. वर्षाची अट वर राहू द्या, वरच्या नमुन्यात गाळलीय.